वॉर्ड सोडून तळघरात

८ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा उजवा कान. मागच्या वेळी मी परीक्षा संपली म्हणाले, तर तू प्रतीक्षा संपली असं ऐकलंस आणि मुलगा कोण म्हणून विचारलंस. शिवाय जे सांगायचं आहे ते वसतिगृहाच्या जिन्यात उभं राहून ओरडून सांगण्यासारखं नाही. चुकांवर खुणा करून पत्र परत पाठवू नकोस. छापखान्यातून निवृत्त झालीस ना, मग लाल शाई आता ठेवून दे.

मी पास झाले. डॉक्टरकीचं तिसरं वर्ष संपलं. नापास झाले असते तर बरं झालं असतं, निदान बोट दाखवायला काहीतरी मिळालं असतं. आत्या, मला डॉक्टर व्हायचं नाही.

गेल्या आठवड्यात डायलिसिसच्या वॉर्डात होते. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांचं रक्त तिथे यंत्रातून शुद्ध करतात. सरांनी मला एका पेशंटशी बोलायला बसवलं. ते गृहस्थ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते सांगत होते आणि मी मान हलवत होते, पण माझं लक्ष त्यांच्या उशाच्या यंत्रात. त्याचा पंप फिरता फिरता एका जागी किंचित अडखळत होता. सरांनी येऊन विचारलं, काय म्हणाले हे? मला एक अक्षर सांगता येईना. त्या गृहस्थांनी मग न रागावता पुन्हा सांगितलं, की दोन दिवस बोटं बधिर आहेत, वाद्य हातात ठरत नाही.

सर ओरडले त्याचं काही नाही. पंप कुठे अडखळतो ते मला नेमकं ठाऊक होतं आणि माणूस काय म्हणाला ते ठाऊक नव्हतं, याची मला भीती वाटली. आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. पेपरात मी आजार बरोबर लिहिते. पलंगावरचं माणूस मला दिसत नाही.

रुग्णालयाच्या तळघरात यंत्रं दुरुस्त करायचा विभाग आहे. तिथेच त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. परवा मी नुसती बघत दारात उभी राहिले, तर तिथल्या प्रमुख बाईंनी हाकललं. डॉक्टर लोकांनी खाली यायचं कारण नाही म्हणाल्या. अर्ज या महिनाअखेरपर्यंत.

बाबांनी दवाखान्याला माझ्यासाठी दुसरी खोली काढली आहे. खिडकी कुठल्या भिंतीला हवी ते मला विचारून काढली आहे. मी उत्तरेला म्हणाले. तेव्हापासून झोप उडाली आहे. संध्याकाळी वसतिगृहाभोवती चकरा मारते, मैत्रिणींना वाटतं वजन कमी करते आहे. मी पळ काढते आहे का, ते तू सांग. बाबांना अजून सांगू नकोस.

लोभ नेहमीचा पुरणार नाही, थोडा जास्त असू दे.

तुझी,
खुडबुडी


१५ जून

चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून, एकदा जुन्या खोडीने. चुका चार, त्यातल्या तीन ‘की’च्या. डॉक्टरांना ऱ्हस्व-दीर्घ माफ असतं असं समजून मी गप्प बसत होते. आता तुला तीही सवलत नाही.

वाचून झाल्यावर मी बसूच शकले नाही. खुर्चीतून उठले, गॅलरीत गेले, परत आले, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. म्हणजे तुझ्या चकरा आता माझ्या पायांत आल्या.

कडू बोलते, ऐकून घे. पोहणं तू सोडलंस. पेटी सोडलीस. चित्रकलेच्या परीक्षेला अर्ध्यातून उठून आलीस, कारण बाहेर कुणाची तरी सायकल बिघडली होती. त्या प्रत्येक वेळी मी तुझी बाजू घेतली, म्हणून आता विचारायचा हक्कही माझाच. ही धरसोड तर नाही ना? यंत्रं गोड वाटतात, कारण अजून एकही यंत्र तुझ्यावर रुसलेलं नाही. ती रुसली की तू काय करशील? एक ना धड भाराभर चिंध्या, असं व्हायला नको.

पण माणूस दिसत नाही त्याने डॉक्टर होऊ नये, हे तू खरं बोललीस. छापखान्यात माझ्या शेजारी एक जण बसायचा. मजकूर आवडला की रंगून वाचायचा आणि चुका विसरायचा. मनाने सोनं. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वारलेल्या माणसाला दीर्घायुष्य चिंतलेलं असायचं.

तुझ्या बाबाला मी सांगणार नाही. तुझ्या सांगण्यावरून नव्हे; निरोप्या झालं की दोन्हीकडच्या चपला आपल्याच पाठीवर पडतात. तू स्वतः जा आणि सांग. जेवताना सांगू नकोस, त्याला ठसका लागतो आणि मग सगळा विषय त्या ठसक्यावर जातो. आईच्या आड उभी राहून सांगू नकोस. आणि रडू नकोस. रडलीस की तो लगेच नाडी बघायला लागेल.

लोभ वाढवला आहे. तू ‘की’ दीर्घ काढायला लाग.

तुझी,
आत्या


२ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुला आधीपासून माहीत होतं, हे पोरीनेच सांगितलं. तुला जाब विचारण्यासाठी हे लिहीत नाही. कुणाशी तरी बोलायला हवं, आणि घरात हिच्याशी बोललो की ती रडते.

रविवारी सकाळी दवाखाना भरलेला होता. कंपाउंडरने पुढचा नंबर सोडला आणि आत पोरगी आली. बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसून, आपला नंबर लावून आली होती. पेशंटच्या स्टुलावर बसली. मी सवयीने विचारलं, काय होतंय? तिने सांगितलं.

मी सगळं ऐकलं. कॉलेजात कुणी त्रास देतं का विचारलं. नाही म्हणाली. झोप लागते का विचारलं. आता लागेल म्हणाली. बाहेर लोक खोकत होते. मी घंटी वाजवली आणि पुढच्याला आत बोलावलं. असं का केलं ते मला सांगता येत नाही. ती उठली, स्टूल सरळ केलं आणि गेली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

अक्का, तिला जमत नसतं तर मी समजू शकलो असतो. तिला जमतं. इमारत तीच, जिनाही तोच; बरोबरीची मुलं त्याने वर जाणार आणि ही खाली उतरणार. काल तिच्या वर्गात होते ते उद्या तिला हाक मारून सांगणार, की हे बंद पडलंय, बघ जरा. ते ती ऐकेल कसं? आणि लोकांना मी काय सांगू?

दवाखान्यात बसवत नाही. पेशंट समोर असताना उठून खिडकी उघडतो, परत लावतो. एकाला तर मी दोनदा तपासलं. नव्या खोलीला कुलूप घातलं आहे.

तू माझ्याहून मोठी आहेस. तिला अडवायला हवं होतंस.

कळावे.

तुझा,
भाऊ


३० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण हात धड नव्हते. उजव्या तर्जनीला चटका, डाव्या अंगठ्याला कानस लागलेली. आता दोन्ही भरून आले आहेत, तेव्हा काळजीचं उलट टपाल नको.

प्रवेश मिळाला ते तुला कळवलंच होतं. वसतिगृह सुटलं. एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली आहे. खालची यंत्रं कपडे पिळायला लागली की माझी खाट भिंतीपासून हळूहळू सरकते. सकाळी उठून तिला परत जागेवर ढकलायची, हा व्यायाम. खोलीला सदैव साबणाचा वास. आईने फोनवर विचारलं, कपडे कुठे धुतेस? तेवढं एक उत्तर मला झकास देता आलं. बाकी आई हवेबद्दल बोलते. बाबा फोनवर येत नाहीत. मागे त्यांचा खाकरण्याचा आवाज येतो, म्हणजे ते तिथेच असतात.

आता खरं लिहू का? पहिले सहा आठवडे मी लोखंड घासलं. व्हाइसच्या शिकंज्यात तुकडा अडकवायचा आणि कानशीने घासून चारही बाजू सरळ करायच्या. प्रमुख बाई काटकोन बघायचा गुण्या लावून उजेडात धरतात, फट दिसली की तुकडा टेबलावर टाकतात आणि पुढे जातात. माझ्या तुकड्यात फट दिसली, पुन्हा दिसली, पुन्हा दिसली. मला वाटलं होतं, मी खाली उतरायचा अवकाश की हात आपोआप शहाणे होतील. वर्गात माझ्याहून बऱ्या हातांची निदान पाच मुलं आहेत. त्यातली एक मुलगी तर तारा जोडताना गाणं म्हणते.

एके सकाळी मी निघालेच नाही. खाटेवर बसून राहिले. तू विचारलेलं सारखं डोक्यात घुमत होतं. हेही कंटाळवाणं निघालं, तर मग बिघाड अभ्यासक्रमात नव्हता, माझ्यातच आहे. मग रस्त्यावर उतरले आणि चालत सुटले. भाजीबाजार, शाळा, पूल, पुलापलीकडे पंक्चरची दुकानं. पाय थांबेनात. दुपारी भूक लागली म्हणून परत फिरले आणि रुग्णालयाच्याच कँटीनमध्ये गेले, कारण तिथलं जेवण सवयीचं. तिथे जुनी मैत्रीण भेटली, पांढऱ्या कोटात. माझ्या निळ्या डगल्याकडे बघून ती इतकी प्रेमाने बोलली की मला माझं कुणीतरी वारल्यासारखं वाटलं.

तिथून तळघरातच गेले. वर जाणं शक्य नव्हतं आणि घरी जाऊन काय करणार होते? बाईंनी उशीर का झाला ते विचारलं नाही. माझा तुकडा माझ्या जागेवर होता.

कानशीचं काम संपलं आहे. आता आम्ही रक्तदाब मोजायची जुनी यंत्रं उघडतो. ती मला आवडतात. पण हे पुढेही आवडेल की नाही, ते मी तुला शपथेवर सांगू शकत नाही.

गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस की नुसती बाटलीकडे बघतेस?

लोभ पातळ झाला असल्यास घट्ट करावा.

तुझी,
खुडबुडी


१० ऑक्टोबर

चि. डॉक्टरसाहेबांस,
अ. उ. आ.

तुझ्या जुलैच्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. डोक्यात राख घातलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आता तीन महिने झाले, राख खाली बसली असेल.

मी पोरीची वकील नाही. तिला मी तुझ्यापेक्षा कडक बोलले आहे, तिलाच विचार. विचारशील कसा, तू बोलत नाहीस. फोनच्या मागे उभा राहून खाकरतोस म्हणे. लहानपणीही तू असाच. रुसलास की दाराआड उभा राहायचास आणि आम्हाला कळावं म्हणून कडी वाजवायचास.

तुला राग कशाचा आला आहे, ते नीट ठरव. ती खाली उतरली याचा, की उतरताना तुझा हात धरला नाही याचा? दुसऱ्यावर माझ्याकडे औषध आहे. तिने तुझाच हात धरायचा प्रयत्न केला होता. नंबर लावून आली होती. तू घंटी वाजवलीस.

तिचं सगळं छान चाललं आहे असं मुळीच नाही. तिला ते जड जातं आहे. एक दिवस तर ती गेलीच नाही, गावभर भटकली. आता तुला वाटेल, बघ, मी म्हणत होतो. तसं वाटलं तर आरशात तोंड बघ. लेकीला जड जातंय ऐकून बापाला बरं वाटत असेल, तर दोघांपैकी औषधाची गरज कुणाला आहे?

साखर तपासलीस का? स्वतःची.

लोभ आहे म्हणूनच टोचते आहे.

तुझी,
अक्का


१९ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. साखर ठीक आहे. बाकीच्या प्रश्नांना उत्तर सुचलेलं नाही.

भाऊ


२४ ऑक्टोबर

चि. खुडबुडीस,
अ. उ. आ.

शपथ कुणी मागितली? मी त्या छापखान्यात जन्म काढला, पण पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी जिना उतरताना मला वाटायचं, उद्या यायचं नाही. दुसऱ्या दिवशी जायचे, कारण आदल्या दिवशीचं पान अर्धं राहिलेलं असायचं. त्याहून थोर कारण मला कधी सापडलं नाही. तुझा तो लोखंडाचा तुकडा जागेवर होता, एवढं पुरे झालं.

तुझ्या बाबाला पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं, तीन वाक्यांचं. माझा भाऊ पूर्वी पत्रात चार पानं लिहायचा. तेव्हा समज, आत काहीतरी चाललं आहे.

‘की’ या वेळी सगळे दीर्घ. लोभ त्या प्रमाणात.

तुझी,
आत्या


१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

प्रवेशाला वर्ष उलटलं आणि त्यावर काही महिने गेले. आता आम्हाला वॉर्डात पाठवतात. आज एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण दोन दिवस ती माझ्या अंगातून जात नाही.

मंगळवारी डायलिसिसचं एक यंत्र पंप बदलून आम्ही वर आणलं. पेशंटला जोडण्याआधी ते नुसतं चालवून बघायचं असतं. आत जे पाणी फिरतं ते अंगाइतकंच कोमट हवं. जास्त तापलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर रक्त नासतं, माणूस जाऊसुद्धा शकतो. यंत्राच्या पडद्यावर आकडा बरोबर होता. मी सहज नळीला मनगट लावलं आणि मला ती गरम वाटली. आमच्याकडे पडताळणीचं वेगळं मापक असतं ते लावलं. त्याने पडद्याहून बराच वरचा आकडा दाखवला. पुन्हा लावलं, तर दोन्ही आकडे सारखे. तिसऱ्यांदा सारखे. मग सारखेच येत राहिले.

आमच्याकडे एक लाल कार्ड असतं. ते यंत्राला कुणीही अडकवू शकतं, अगदी शिकाऊसुद्धा. काढायचा अधिकार मात्र फक्त बाईंचा. मी ते अडकवलं.

बाई त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत होत्या. इकडे पेशंट ताटकळत बसलेले. एका यंत्रावाचून सगळ्यांच्या वेळा पुढे ढकलल्या गेल्या. माझे जुने सर आले, ज्यांनी मला त्या क्लॅरिनेटवाल्या पेशंटशी बोलायला बसवलं होतं तेच. त्यांनी आकडे बघितले आणि म्हणाले, की एकदा मापक नीट बसलं नसेल, कार्ड काढ. मी म्हणाले, बाई काढतील. ते म्हणाले, की तीन वर्षं मी तुला शिकवलं, आता तू मला शिकवणार का.  मी यंत्राच्या पुढे उभी राहिले, एवढंच.

खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, शिवणकाम करणाऱ्या. त्या रागाने म्हणाल्या, की त्यांची शेवटची बस चुकणार, घरी लहान मुलगी एकटी आहे, आणि मी इथे खेळत बसले आहे. त्या बोलत होत्या आणि मी शब्द न् शब्द ऐकत होते. त्यांच्या घोट्यांवर सूज किती आहे, कुठल्या बाजूला कलून बसल्या आहेत, सगळं मला दिसत होतं. त्यांना आणखी ताटकळत ठेवणं चांगलं नाही हे मला कळत होतं, आणि तरी मी हलले नाही. इतकं वाईट मला आजवर कधी वाटलं नव्हतं. दोन्ही हात डगल्याच्या खिशात घातले.

प्रमुख बाई आल्या. त्यांनीही तपासलं. आकडे सारखे. त्यांनी कार्ड काढलं नाही, यंत्र खाली घेऊन गेल्या. शिवणकामवाल्या बाईंना दुसऱ्या यंत्रावर शेवटी जागा मिळाली. बस चुकलीच. रुग्णालयाच्या गाडीने त्यांना घरी सोडलं.

आता ऐक. त्या यंत्रात दोष सापडला नाही. बाईंनी उष्णता मोजणारा भाग सरळ बदलून टाकला. काढलेला भाग दोन दिवस तपासला, तो एकदाही चुकला नाही. तो खराब होता की माझ्याच हाताने मापक वाकडं बसलं, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. बाई एवढंच म्हणाल्या, की कार्ड लावलंस ते ठीक, पण लावल्या क्षणी मला फोन करायला हवा होतास, तासभर एकटी कशाला उभी राहिलीस?

मी बरोबर होते की नाही, मला माहीत नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा लावीन, एवढं माहीत आहे. त्यानेही चैन पडत नाही. काल लॉन्ड्रीवाल्याचं बिघडलेलं इस्त्रीचं यंत्र उघडून बसले, नुसतं हाताला काम म्हणून.

लोभाला लाल कार्ड लावू नकोस.

तुझी,
खुडबुडी


४ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दीड वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरमधल्या पत्राचं उत्तर आता देतो आहे. घाई तुला कधी नव्हतीच.

पोरीचे जुने सर माझ्या बॅचचे. त्यांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तक्रारीच्या सुरात म्हणाले, की तुमची मुलगी यंत्रासमोर आडवी उभी राहिली, दोष काही निघाला नाही, सगळ्या वॉर्डाचा खोळंबा. म्हणाले, अभ्यास अर्धा सोडलेली मुलं अशी जास्त कडक होतात, तुम्ही जरा समजावा.

समजावतो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, ते वाक्य ओठांवर होतं. पण मी विचारलं, की पाणी एकदा तरी गरम लागलं होतं का? ते म्हणाले, ती म्हणते, एकदा. मी म्हणालो, मग तिने थांबवलं ते मीही थांबवलं असतं. त्यांनी फोन लवकर ठेवला.

त्यानंतर माझं लक्ष कशात लागत नाही. नासलेलं रक्त मी पाहिलं आहे, अक्का, शिकत असताना. ते तिलाही शिकवलं असणार. तिथे उभं राहताना तिला काय वाटलं असेल ते मला कळतं, आणि तिचा तो डगला मला अजून बघवत नाही. दोन्ही एकदमच आहे. तुझ्याकडे या दोन्हींचं मिळून एखादं औषध असेल तर कळव.

कळावे.

तुझा,
भाऊ


११ एप्रिल

चि. भाऊस,
अ. उ. आ.

औषध नाही. मला बघवत नाही म्हणतोस, पण तू बघितलं आहेस कुठे? जाऊन ये.

अक्का


२० मे

चि. बाळास,
अ. उ. आ.

पत्र कसं सुरू करायचं ते कळेना, म्हणून वरचा मायना दोनदा खोडून लिहिला.

गेल्या गुरुवारी मी तुमच्या रुग्णालयात आलो होतो. तुला कळवलं नव्हतं. तळघराच्या जिन्यावर एकदा परत फिरलो, ते आता सांगून टाकतो. खाली आलो तेव्हा तू वॉर्डात गेली होतीस. तुमच्या प्रमुख बाईंनी कोण पाहिजे विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, तुझा कोण ते नाही सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तुझं स्टूल दाखवलं. मी अर्धा तास त्यावर बसलो.

तुझी जागा कोपऱ्यात, पाइपाखाली आहे. वरून पाण्याचा आवाज येतो. उजेड डावीकडून पडतो, तो तुला पुरत नसणार, दिवा उजवीकडे घ्यायला सांग. तुझ्या टेबलावर एक यंत्र उघडून ठेवलं होतं आणि त्याचे स्क्रू तू कागदावर ओळीने मांडले होतेस, प्रत्येकापुढे तो कुठला ते लिहून. अक्षर लहानपणासारखंच आहे. बाई काही बोलल्या नाहीत. तुझं कौतुक करतील म्हणून मी वाट बघत होतो, तेही त्यांनी केलं नाही. नंतर वाटलं, बरं झालं. तुला भेटल्याशिवाय निघालो, कारण तू आली असतीस तर मला बोलता आलं नसतं आणि तुझ्या बरोबरीच्या मुलांसमोर दोघांचंही अवघड झालं असतं.

मला अजून पटलेलं नाही. पटलं असं लिहिलं तर तुला खोटं कळेल. पण इतके महिने तुझा विचार आला की डोळ्यांपुढे नुसता अंधारा जिना यायचा. आता तो कोपरा येतो.

शनिवारी दवाखान्यात समोरच्या गल्लीतले निवृत्त मास्तर आले होते. त्यांनी विचारलं, की धाकट्या डॉक्टरीणबाई कधी येणार? आजवर कुणी विचारलं की मी विषय बदलत होतो. या वेळी म्हणालो, की ती येणार नाही, ती रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करते.  मास्तर म्हणाले, अच्छा. आणि मग विचारलं, की गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर. मी नंतर म्हणालो. ते गेले, पुढचा पेशंट आला. इतके दिवस मी ज्याला घाबरत होतो ते एवढंच होतं.

नवी खोली एका दातांच्या डॉक्टरला द्यायचं ठरवलं आहे. उत्तरेच्या खिडकीचा उजेड त्याला फार आवडला. खोली उघडली तेव्हा मला थोडा वेळ तिथे उभं राहावं लागलं. हे तुला सांगावं की नाही ते ठरत नव्हतं, पण सांगितलं.

तू नंबर लावून आली होतीस त्या दिवशी मी तुला नीट तपासलं नाही. लोभ होता. तो कमी झाला नव्हता.

सुट्टी मिळेल तेव्हा घरी ये. आई वाट बघते. येण्याचा दिवस आधी कळव, म्हणजे त्या दिवशी दुपारचा दवाखाना बंद ठेवीन.

तुझा,
बाबा